न धुतलेला हंगाम

१९ ऑगस्ट

दादा,

हे पत्र वाचून तू परत यावंस किंवा बाबांशी बोलावंस अशी माझी अपेक्षा नाही. तुझा गैरसमज होऊ नये म्हणून आधीच सांगून टाकते. आई बरी आहे. मी बरी आहे. मला तुझ्या खोलीबद्दल लिहायचं आहे.

तुझ्या खोलीत आता कुणी झोपत नाही. पलंग उभा करून भिंतीला लावला आहे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी नळी ठोकली आहे. तिच्यावर कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या जर्सी आणि चड्ड्या टांगलेल्या असतात. मोजे खिडकीच्या गजांना. मॅच संपली की कोचसाहेब, म्हणजे आपले बाबा, सगळ्यांच्या अंगावरचे कपडे गोळा करतात आणि डिकीत घालून घरी आणतात. होस्टेलवर ठेवले तर कुणाची तरी आई येऊन धुवून जाईल, असा त्यांना संशय आहे.

टीम जिंकते आहे. जिंकत असेपर्यंत कपड्यांना पाणी लावायचं नाही. हा नियम कुठून आला हे तुला सांगायला नको. बाबा पोरांना सांगतात तेव्हा तुझं नाव घेत नाहीत, 'आपल्या त्या वर्षीच्या टीमनं' असं म्हणतात. माणसाचं नाव टाकायचं आणि त्याचा घाम तेवढा ठेवून घ्यायचा, हे त्यांनाच जमतं.

वासाबद्दल नेमकं लिहिते. 'घाण वास' म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. आधी येतो तो आंबट. तो सोसवतो. त्याच्या मागून ओल्या कुत्र्याचा. दार उघडून आत उभं राहिलं की तिसरा येतो, तो नाकाला कळत नाही, जिभेला कळतो. तोंडात नाणं धरल्यासारखा. आईनं डांबराच्या गोळ्या टाकून पाहिल्या. आता डांबराच्या गोळ्या टाकलेल्या घामाचा वास येतो. मी दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांची थुंकी, लघवी आणि पू हाताळते. तिथून सुटून घरी आले की नाकाला रुमाल लावते, यावरून काय ते समज.

बाबांनी मला टीमच्या बाकावर बसवलं आहे, औषधांची पेटी घेऊन. मी म्हटलं, मी डॉक्टर नाही, लॅब टेक्निशियन आहे. "पट्टी बांधता येते ना?" म्हणाले. "मग झालं. घरचीच आहेस, नखरे नको."

त्यामुळे मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये काय चालतं ते मला आता ठाऊक आहे. तुमच्या वेळी हे होतं का, माहीत नाही. सगळे गोल उभे राहतात. कॅप्टन आपली जर्सी उलटी करून काखेचा भाग पुढे धरतो आणि एकेकानं नाक लावून लांब श्वास घ्यायचा. बाबा दाराशी उभे राहून बघतात. ज्याला ओकारी येते त्याचं नाव 'साबण'. मग महिनाभर त्याला साबणच म्हणायचं. पहिल्या वर्षाचा एक डावखुरा बॅक आहे, चांगला खेळतो. त्याला उमासे आले तेव्हा बाबा म्हणाले, "काय रे साबण, आईला बोलावू का पाटीपेन्सिल घेऊन?" सगळे हसले. आपला धाकटा टिल्लूही हसला.

टिल्लू आता दारातून वाकून आत येतो, पण घरात नाव तेच आहे. तुझ्याच जागी खेळतो, पाठीवर तुझाच नऊ नंबर. तो टेचात काखेत नाक खुपसतो आणि डोळे मिटून उभा राहतो, पोहायला उडी मारण्याआधी राहावं तसा. मला त्या वेळी दुसरीकडे बघावं लागतं.

तू उत्तर लिहिलंस तर लॅबच्या पत्त्यावर लिही.

— मी

७ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण आता गोष्ट नुसत्या वासाची राहिलेली नाही.

मैदानावर प्लास्टिकचं गवत आलं आहे. तुमच्या वेळी माती होती. या गवतावर घसरलं की कातडी सोलून निघते, भाजल्यासारखी. दर मॅचला चार-पाच जण सोलून घेतात. मी पुसून औषध लावते, पट्टी बांधते. पुढच्या मॅचला त्याच पट्टीवरून तोच मोजा चढतो, दोन महिने न धुतलेला.

पहिलं गळू गोलकीपरला झालं, कोपरावर. त्याला सगळे खांब्या म्हणतात, कारण तो गोलपोस्टाएवढा उंच आहे आणि तितकंच बोलतो. मग दोन बचावपटूंना, मांडीवर. मग टिल्लूच्या डाव्या पोटरीला. बाहेरच्या अंगाला, मोज्याच्या आत. त्यानं ते मला दाखवलं नाही. जिना चढताना तो पाय आडवा टाकत होता, त्यावरून मी ओळखलं. तसा पाय टाकणारा एक माणूस मी या घरात आधी पाहिलेला आहे.

मी खांब्याच्या गळवाचा नमुना घेतला. टिल्लूच्याही. तुझ्या जुन्या नंबरच्या जर्सीवर एक कापसाची काडी फिरवली आणि एक मोज्याच्या आतून. लॅबच्या मॅडमना विचारून चारही नमुने जंतू वाढवायच्या प्लेटांवर लावले. दुसऱ्या दिवशी चारहींवर एकच पीक होतं: गोल, फुगीर, सोनेरी पिवळे ठिपके. दिसायला सुंदर असतात. मग औषधांच्या चकत्या लावल्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. नेहमी देतात त्या औषधाच्या चकतीला ते अगदी चिकटून वाढले होते, कडेकडेनं, जणू चकती तिथं नाहीच. मॅडम माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या, "हे कोणत्या वॉर्डातलं?" मी म्हटलं, "आमच्या घरातलं."

प्लेट घरी नेता येत नाही. फोटो नेला. जेवताना बाबांपुढे ठेवला आणि शांतपणे समजावून सांगितलं. ते ऐकत होते. बाबा ऐकतात तेव्हा घास थांबवतात, तुला आठवत असेल. संपल्यावर म्हणाले, "छान आलाय फोटो. ही पिवळी कुठली टीम?"

"बाबा, हे टिल्लूच्या पायात आहे."

"माझ्या पायात तीस वर्षं चिखल्या आहेत. मेलो का?"

"हे ते नाही."

"हे बघ," म्हणाले, "अंगाला घाम मुरला की पोरगं मैदानाचं होतं. तुझ्या लॅबमध्ये सगळं धुतलेलं असतं ना? मग तिथं माणसं आजारीच कशी असतात?" आणि टिल्लूकडे वळून, "काय रे, बाकावर बसायचंय का साबणाच्या शेजारी?"

साबण म्हणजे आता मी. टिल्लू ताटात बघत म्हणाला, "मला काही होत नाहीये. ताई उगीच बाऊ करते." आईनं मला नजरेनं गप्प बस म्हटलं आणि बाबांना आणखी वाढलं.

आमच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी टिल्लूला लागू पडणारं औषध लिहून दिलं आहे. खेळायचं नाही, मोजे घालायचे नाहीत, गोळ्या पूर्ण घ्यायच्या. माझं तो ऐकणार नाही. बाबांचं ऐकतो. आणि बाबांपेक्षा जास्त तुझं ऐकतो. तू सहा वर्षांत त्याच्याशी नीट बोललेलाही नाहीस, तरी. कदाचित म्हणूनच.

माझी विनंती एकच आहे. त्याला फोन कर आणि खरं काय ते सांग. त्या वर्षी होस्टेलची टाकी फुटली होती. पाणी नव्हतं म्हणून कपडे धुतले नव्हते. पाणी आलं तोवर तुम्ही तीन मॅच जिंकला होता आणि मग कुणाला धुवायचं धाडस झालं नाही. तू मला हे हसत हसत सांगितलं होतंस, गच्चीवर, पायाला बर्फ लावत. त्याला हेही सांग की फायनलला बाबांनी तुझ्या गुडघ्यात बधिर करायचं इंजेक्शन मारवलं, त्यावर तू गोल केलास, आणि महिन्याभरात तू कठडा धरून जिना उतरत होतास. तुझ्या तोंडून त्याला पटेल. दुसरं कुणी हे सांगू शकत नाही, नाहीतर मी तुला त्रास दिला नसता.

— मी

२३ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र लॅबमध्ये मिळालं, आणि तू फोनही केलास. दोन्हीबद्दल लिहिते.

तुझा फोन आला तेव्हा मी ओट्याशी होते. टिल्लू गॅलरीत गेला आणि बराच वेळ बोलत होता. आत आला तेव्हा त्याचा चेहरा एवढा उजळला होता की आईनं विचारलं, "काय रे, नोकरी लागली?" मला वाटलं, सुटलो. पाठीतली कळसुद्धा गेल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी होती तिथंच होती. तिसऱ्या दिवशीही. मी विचारलं.

"दादा म्हणाला, गोळ्यांनी पाय जड होतात."

"अजून काय म्हणाला?"

"म्हणाला, दुखतं तेव्हाच कळतं की आपण खेळतोय." आणि मग मला समजावल्यासारखं, "ताई, तुला नाही कळायचं ते. तू खेळली नाहीस कधी."

तुझ्या पत्रात तू लिहिलं आहेस, 'त्याचा विश्वास मोडून काय मिळणार? दोनच मॅच राहिल्यात. टाकीचं मी कुणाला सांगत बसत नाही, आता कशाला.' ते वाक्य मी लॅबच्या बाकावर उभ्यानं पुन्हा पुन्हा वाचलं. खाली तू विचारलं आहेस, गोल कुणी केले, आणि टिल्लू डाव्या पायानं मारतो की उजव्या.

डाव्या पायानं मारतो. गळूवाल्या.

तुझ्याबद्दल माझा एक समज होता. बाबांनी तुझ्या पायाचं जे केलं ते तुला दिसलं आणि म्हणून तू गेलास, असं मी धरून चालले होते. घरात कुणीतरी एकानं ते पाहिलं आहे, या आधारावर मी बराच काळ या घरात राहिले. आता वाटतं, तू बाबांवर रागावून गेलास ते त्यांनी तुला खेळवलं म्हणून नाही. पुढे खेळवता आलं नाही म्हणून.

खांब्याचं कोपर बरं झालं. त्यानं गोळ्या पूर्ण घेतल्या, कुणाला न सांगता. मला मैदानाबाहेर गाठून कोपर दाखवलं आणि म्हणाला, "सरांना सांगू नका." या टीममध्ये एवढंच एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे.

मी टिल्लूला गोळ्या कुस्करून दुधातून देण्याचाही विचार केला. मग केलं नाही. तो एकोणीस वर्षांचा आहे. त्याला फसवून बरं करणारी मी आणि फसवून खेळवणारे तुम्ही, यात फार अंतर राहिलं नसतं. बरोबर केलं की नाही, माहीत नाही. पोटरी आता शेजारच्या पोटरीपेक्षा जाड दिसते.

— मी

५ ऑक्टोबर

पार्सल मिळालं.

आईनं उघडलं, कारण वर टिल्लूचं नाव होतं आणि तो अंघोळीला गेला होता. आत प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत दुसरी पिशवी, गाठ मारलेली. आईनं गाठ सोडली आणि पटकन मान मागे घेतली. मग तिला कळलं की कुणाचं आहे, आणि तिनं पिशवी छातीशी धरली. मला त्या क्षणी आईचीही किळस आली. ती मी इथं लिहून ठेवते कारण ती खरी आहे.

तुझे फायनलचे मोजे. सहा वर्षं तू ते दोन पिशव्यांत गाठ मारून जपलेस. घर बदललंस, देश बदललास, आणि सामानातून हे नेलंस. टाचेला चिखल होता, त्याचं आता पीठ झालं आहे. नडगीच्या बाजूला तपकिरी डाग आहे, तो रक्ताचा. मला डाग ओळखता येतात.

सोबतची चिठ्ठी टिल्लूनं मोठ्यानं वाचली. 'आतून घाल. सेमीफायनलला लागतील.'

बाबा दाराशी आले होते. सहा वर्षांत या घरात त्यांनी तुझा विषय निघू दिला नाही. त्यांनी मोजा हातात घेतला, उलटा केला, अंगठ्यानं टाच चोळली. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "जपलेत बरं का त्यानं." घरात आनंदीआनंद झाला, दादा. तिघं तुझ्या मोज्यांभोवती उभे होते आणि मी हात धुवायला गेले.

तुला हे वाचून बरं वाटेल याची मला कल्पना आहे. म्हणून पुढचंही लिहिते. टिल्लूची जखम उघडी आहे. तिच्यावर तुझा मोजा जाणार, त्याच्यावर त्याचा स्वतःचा. मी त्याला एवढंच म्हटलं, "निदान मधे पट्टी घाल." म्हणाला, "पट्टी घातली तर काय उपयोग?"

मी तुझ्याकडे मदत मागितली होती.

११ ऑक्टोबर

दादा,

टिल्लू हॉस्पिटलमध्ये आहे. पाय आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

सेमीफायनल त्यांनी एक-शून्यनं जिंकली. गोल टिल्लूचा. तो पहिल्या हाफमध्येच कुडकुडत होता, उन्हात. मी बाकावरून बाबांना म्हटलं, त्याला बाहेर काढा. "तापलाय तो," म्हणाले. "असंच तापायचं असतं." दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नरवरून चेंडू आला आणि त्यानं मारला. डाव्या पायानं. मग तो धावत सुटला नाही. जिथं होता तिथंच उभा राहिला, आणि बाकीचे त्याच्या अंगावर येऊन पडले.

शिट्टीनंतर ड्रेसिंग रूममध्ये सगळे नाचत होते. तो कोपऱ्यात बसला होता, ओठ पांढरे. मी खाली बसले आणि बाहेरचा मोजा काढला. आतला निघेना. तो कातडीला धरला होता. पेटीतलं सलाईन ओतून ओतून सोडवला. मोज्याबरोबर जे आलं त्याचं वर्णन मी करणार नव्हते, पण तुझा मोजा होता, तेव्हा तुला हक्क आहे. हिरवट पिवळा पू, वाटीभर, आणि त्यात तुझ्या मैदानाची सहा वर्षांपूर्वीची माती. नाच थांबला. एकानं बेसिनमध्ये ओकलं. त्याला कुणी साबण म्हटलं नाही. पोटरीपासून एक लाल रेघ निघून गुडघ्याच्या मागून वर मांडीत शिरली होती. ती रेघ म्हणजे विष रक्ताकडे निघालं आहे, हे मला माहीत आहे.

मी बाबांना म्हटलं, "आत्ता न्यायचं."

बाबांनी पाय पाहिला. पाहिला नाही असं मी म्हणू शकत नाही. मग बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाले, "शनिवारी फायनल आहे. आज दाखवलं तर ठेवून घेतील."

"हो. ठेवून घेतील."

"शनिवारी संध्याकाळी नेऊ. मी स्वतः नेतो."

मी टिल्लूकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी तो बोलेल. तो म्हणाला, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे, ताई." त्याचे दात वाजत होते.

मग खांब्या उठला. त्यानं टिल्लूला उचललं, पोत्यासारखं नाही, लहान मूल उचलतात तसं, आणि दाराकडे निघाला. दारात बाबा होते.

"ठेव त्याला खाली."

"सर, बाजूला व्हा."

"तू कुणाशी बोलतोयस कळतंय का?"

"कळतंय, सर. साबण म्हणा हवं तर." आणि मला म्हणाला, "ताई, गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे, काढा. माझे हात अडकलेत."

बाबा बाजूला झाले. कुणी ढकललं नाही. आपणहून झाले. ते त्यांच्या बाजूनं एक वाक्य म्हणून लिहिते. दुसरं सापडलं नाही.

सर्जननी त्याच दिवशी पोटरी उघडली. स्नायूपर्यंत गेलं होतं. बाहेर आल्यावर मास्क खाली करून मला म्हणाले, "तुम्ही लॅबच्या ना? मग तुम्हाला स्पष्ट सांगतो. दोन दिवसांनी आणला असता तर मी पायाबद्दल बोललो नसतो. जिवाबद्दल बोललो असतो." मी 'थँक यू' म्हटलं. दुसरं काय म्हणतात?

आईला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी कपडे बदलायला घरी आले तर बाथरूममधून वाफ येत होती. आईनं तुझ्या खोलीतली नळी मोकळी केली होती. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं, दोन बादल्या भरल्या होत्या, आणि ती स्टुलावर बसून काठीनं जर्सी खाली दाबत होती. पाणी काळं येत होतं, मग तपकिरी, मग पिवळं. मी दारात उभी राहिले. ती मान वर न करता म्हणाली, "घरात आलेला कपडा मी कधी असा ठेवला नव्हता. यांच्या नादानं ठेवला." थोड्या वेळानं, "तोंड काय बघतेस, पिळायला हात लाव."

पिळायला हात लावला. जर्सी आकाशी रंगाच्या आहेत. हे मी विसरले होते.

मोजेही धुतले. तुझेही. एक विरून पाण्यात सुटा झाला, दुसरा राहिला.

— मी

३ नोव्हेंबर

दादा,

तू दोनदा फोन केलास आणि मी घेतला नाही. टिल्लूच्या फोनवरही करू नकोस असं मी आईकडून कळवलं होतं. कारण या पत्रात लिहिते.

आधी फायनलचं, कारण तू तेच विचारणार. हरले. दोन-शून्य. बाबांना कपडे धुतल्याचं कळलं तेव्हा ते दोरीखाली बराच वेळ उभे होते, एकेका बाहीला हात लावत. आईला काही बोलायची त्यांची हिंमत झाली नाही. धुतलेल्या जर्सी घालून पोरं खेळली. खांब्या सांगत होता की साबणाचा वास घेऊन पहिल्यांदा कुणाला मळमळलं नाही. तो तसा चेष्टेखोर आहे, हे मला नव्यानंच कळलं.

त्या संध्याकाळी बाबा वॉर्डात आले. सिस्टरनी त्यांना दारातच अडवलं आणि हात धुवायला लावले. बाबांनी नळाखाली हात धरून काढले. "असे नाही," ती म्हणाली, "बोटांच्या मधून, मनगटापर्यंत. पुन्हा." माझ्यापेक्षाही लहान असेल. बाबांनी पुन्हा धुतले. मग पलंगाशी येऊन उभे राहिले. टिल्लूच्या पायातून नळी निघाली होती, खाली बाटलीत. बाबांनी ती पाहिली, आणि म्हणाले, "हरलो."

टिल्लूनं डोळे मिटून घेतले.

"धुतले ना कपडे. मग कसं जिंकणार?"

टिल्लूनं डोळे उघडले. मला वाटलं, आता हा बाबांना बाहेर जा म्हणेल. तो म्हणाला, "कपड्यांचं काय घेऊन बसलात, मी नव्हतो म्हणून हरलो."

"तू असतास तरी त्या कपड्यांत..."

"मी असतो तर दोन टाकले असते."

"त्यांचा स्टॉपर पाहिलास का? तुला हलू दिलं नसतं."

"बाबा, तो उजवीकडे वळायला वेळ घेतो..."

आणि ते वाद घालायला लागले, दादा, पायातून नळी लोंबत असताना. आई सफरचंद चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "दोघंही गप्प बसा," म्हणाली. "एकाला पोरगं दिसत नाही, दुसऱ्याला पाय." ती एवढं कधी बोलत नाही. मग तिनं सुरी पुन्हा उचलली.

मी घर सोडलं आहे. लॅबच्या जवळ दोन खोल्या घेतल्या. टिल्लूला डिस्चार्ज मिळाला तेव्हा सर्जननी सांगितलं, रोज ड्रेसिंग लागेल, आणि ते नीट हातानं व्हायला हवं. मी म्हटलं, माझ्याकडे राहील. बाबा म्हणाले, घरी काय कमी आहे? टिल्लू बॅग घेऊन गाडीत येऊन बसला. का आला, हे त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

जखम शिवलेली नाही. अशी जखम शिवत नाहीत. आत औषधाची पट्टी भरून ठेवायची आणि ती तळापासून भरत वर येईल याची वाट बघायची. वरची कातडी आधी मिटली तर आत पुन्हा साचतं आणि पुन्हा कापावं लागतं. म्हणून रोज उघडायची, रोज साफ करायची. दुखतं. पहिले काही दिवस तो ड्रेसिंगच्या वेळी भिंतीकडे तोंड करून फोनवर जुन्या मॅचेस बघायचा. दुखतंय का विचारलं की "छे."

काल मी काम थांबवलं. फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि आरसा दिला. म्हटलं, बघ.

"कशाला?"

"तुझा पाय आहे. मी एकटीनं किती दिवस बघू?"

त्यानं आरसा धरला. दोनदा कोन चुकला. मग दिसलं. मी चिमटा हातात धरून तशीच बसले.

"एवढं खोल?"

"आधी याहून खोल होतं."

"यातून... मी खेळत होतो?"

"हो."

मग तो रडला. तू त्याला रडताना पाहिलेलं नाहीस; तू गेलास तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि तुझ्यासारखं न रडायला शिकत होता. तोंड दाबून नाही, आवाज करून रडला. मी पट्टी भरली तेव्हा ओरडला. मी विचारलं, "दुखतंय?" म्हणाला, "हो. खूप दुखतंय. हळू कर ना." दोन महिन्यांत त्याच्या तोंडून आलेलं पहिलं उपयोगी वाक्य. कुठं दुखतंय ते विचारलं, तेव्हा मला कळलं की आत डाव्या बाजूला पूचा अजून एक कप्पा राहिला आहे. आज सर्जनना दाखवला. त्यांनी तो तिथल्या तिथं मोकळा केला. लक्षात आला नसता तर महिन्याभरात पुन्हा तेच झालं असतं. तुझा फोन आला असता तर तो अजूनही 'छे'च म्हणत राहिला असता.

मी हात धुवत होते तेव्हा तो मागून म्हणाला, "ताई, मी रडलो ते दादाला सांगू नकोस हं."

म्हणून तुला सांगते आहे.

— तुझी बहीण